पंचनाम्यावरची सही



दशलक्षणात एका दुपारी स्वाध्याय आटोपल्यावर मंदिराच्या ओसरीवर गप्पा चालल्या होत्या. आदल्या रात्री कुणीतरी टीव्हीवर ‘रुस्तम’ पाहिला होता. पर्वात टीव्ही पाहिला म्हणून तिला सगळ्यांनी आधी फैलावर घेतलं आणि मग पुढची गोष्ट काय म्हणून सगळ्याच विचारायला लागल्या! त्या सिनेमात कोर्टात एका बाजूला बाकांवर नऊ माणसं बसलेली असतात. ती कोण, वकील की सरकारी माणसं, असं आमच्यातल्या एका नव्या सुनेनं विचारलं. मी म्हटलं, ती ज्यूरी. तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं, दुकानदार, कारकून, कुणीही. ती लगेच म्हणाली, “काकू, आपल्यासारखी म्हणता, मग त्यात बाई एकसुद्धा कशी नाही?”

त्या प्रश्नामुळे आजचा लेख लिहायला घेतला. दोन लोणच्यांच्या कृती राहिल्यात, त्या पुढच्या वेळी.

सिनेमा ज्यावर बेतला तो खटला खरा आहे. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. नानावटींच्या पत्नीचे आहुजांशी संबंध होते आणि ते तिनं स्वतःच नवऱ्याला सांगितलं होतं. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढे चालला. कोर्टाबाहेर गर्दी, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात दर आठवड्याला नानावटींची बाजू, आणि पंचवीस पैशांचा तो अंक दोन रुपयांना विकला जात होता. २१ ऑक्टोबरला नऊपैकी आठ जणांनी कौल दिला, दोषी नाही. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला. अशा वेळी न्यायाधीशाला प्रकरण हायकोर्टाकडे पाठवायची सोय कायद्यात होती, तसं त्यांनी पाठवलं. मार्च १९६० मध्ये हायकोर्टानं कौल फिरवून जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

हा देशातला शेवटचा ज्यूरीचा खटला, असं सगळीकडे छापून येतं. ते तितकंसं खरं नाही. ज्यूरी नको, असं विधी आयोगानं १९५८ मध्येच, म्हणजे त्या गोळ्या झाडल्या जाण्याआधीच, सांगितलं होतं. आणि काही ठिकाणी ज्यूरी त्या खटल्यानंतरही बसत होती. नवी फौजदारी संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली तेव्हा ती पुरती गेली.

आता त्या सुनेचा प्रश्न. १८९८ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीत कुणाला बसवायचं ते लिहिलं होतं: एकवीस ते साठ वयाचे सर्व पुरुष. म्हणजे बाई विसरली गेली असं नाही, पुरुष असा शब्दच घातला होता. एका बाईच्या वागण्यावरून घडलेला खून, ती बाई स्वतः पिंजऱ्यात उभी राहून साक्ष देते आहे, मृताची बहीणही साक्षीला आहे, आणि ऐकणारे नऊच्या नऊ पुरुष. बायका होत्या, पण प्रेक्षकांत. वर्तमानपत्रांनी त्यांच्या कपड्यांची आणि गर्दीची वर्णनं लिहिली. ज्यूरीत चार बायका असत्या तर कौल वेगळा लागला असता का, हे मी सांगू शकत नाही. कदाचित आणखी जोरात निर्दोष म्हणाल्या असत्या! पण सिल्व्हिया नानावटींना साक्ष देताना समोर एखादा तरी बाईचा चेहरा दिसला असता.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. इंग्लंडमध्ये १९१९ चा कायदा झाला तेव्हा कुठे बायकांना ज्यूरीत जागा मिळाली आणि १९२० मध्ये ब्रिस्टलला पहिल्या बायका बसल्या. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये त्याआधी पन्नास वर्षं, १८७० मध्येच, बायकांना बसवलं होतं. वर्षभरात ते बंदही केलं.

ज्यूरी इंग्रजांनी आणली असली तरी चार माणसं बसवून न्याय करायची रीत आपल्याकडे नवी नव्हती. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसे, वतनाचे आणि शिवेचे तंटे तिथे तुटत. निकालाचा कागद होई, त्याला महजर म्हणत. त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या असत. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचं हत्यार काढी, पाटलाचा नांगर, चांभाराची रापी, शेट्याचा तराजू. तराजूची निशाणी पहिल्यांदा एका पुस्तकात पाहिली तेव्हा मला आमच्या दुकानातली जुनी पितळी तागडी आठवली. या पंचायती चालू राहाव्यात असं एल्फिन्स्टनसाहेबाला वाटत होतं. पण सरकारी अदालती आल्या आणि लोकच तिकडे जायला लागले.

बायकांची निशाणी मला सापडली ती घरातच. आमच्याकडे शेताचा एक जुना कागद आहे, त्यात सासऱ्यांच्या आजीच्या नावापुढे नुसता एक गोल काढला आहे आणि शेजारी लिहिलंय, निशाणी बांगडी.

इंग्रजांच्या ज्यूरीत सुरुवातीला देशी माणसाला जागा नव्हती. १८२६ च्या कायद्यानं ती दिली, पण आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्यूरी ख्रिस्तीच हवी ही अट ठेवून. ती अट १८३२ मध्ये निघाली. मुळात विलायतेतल्या जुन्या रिवाजात ज्यूरीचा कौल होईपर्यंत त्यांना अन्न, विस्तव आणि दिवा काहीच द्यायचं नाही असा नियम होता. हे वाचून मला हसू आलं. रात्रीभोजनाचा त्याग केलेल्या आपल्या बायकांना तेवढ्यानं कुणी घाबरवू शकलं नसतं.

ज्यूरीत कोण बसतं यानं काय होतं ते पाहायचं तर लोकमान्यांचे दोन खटले पाहावेत. शाळेत आपण शिक्षा तेवढी शिकलो. ज्यूरीचं कुणी सांगितलं नाही.

१८९७ मध्ये ‘केसरी’त छापलेल्या शिवराज्याभिषेक उत्सवाच्या वृत्तांतावरून आणि एका कवितेवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर माया नाही एवढ्यानंही गुन्हा होतो! नऊ ज्यूररांपैकी सहा गोरे आणि तीन हिंदी. सहा म्हणाले दोषी, तीन म्हणाले निर्दोष. कोण सहा आणि कोण तीन हे मी सांगायला नको. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ मध्ये पुन्हा तेच. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तले लेख पुढे आले. सरकारनं खास ज्यूरी मागितली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टांनी तिला हरकत घेतली. खास ज्यूरीत बहुतेक गोरे येणार, त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही आणि खटला तर मराठी लेखांचा, असं त्यांचं म्हणणं. किती साधी गोष्ट! पण ऐकलं नाही. सात गोरे आणि दोन पारशी बसले. न्यायमूर्ती दावर हे तर १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील म्हणून उभे राहिलेले, आणि आता न्यायासनावर. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, सगळं मिळून एकवीस तास दहा मिनिटं. त्यातला पुष्कळ वेळ एकेका मराठी शब्दाचा अर्थ सांगण्यात गेला, की भाषांतरात हा शब्द असा आलाय, मराठीत तो तसा नाही, तुम्ही मूळ लेख वाचलेला नाही, भाषांतर वाचलंय. २२ जुलैच्या रात्री कौल आला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षेच्या प्रत्येक वर्षाला एक दिवस असे सहा दिवस मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवलं. त्या कोर्टाबाहेर आता संगमरवरी पाटी आहे, १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती बसवली.

टिळकांचं राजकारण बाजूला ठेवलं तरी मला त्या दोन पारशांचं कुतूहल वाटतं. सात साहेबांच्या शेजारी बसून ‘नाही’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याच मुंबईत, त्याच साहेबांबरोबर व्यापार करायचा. एखाद्या खोलीत सगळे एकीकडे असताना आपण दुसरीकडे मान हलवायची म्हणजे काय, हे मला थोडंफार ठाऊक आहे. ज्यूरीत मी बसलेले नाही. पण आपल्या कायद्यात साध्या माणसाला उभं करायची एक जागा अजून राहिली आहे, ती पंचाची.

गाव आणि वर्ष मुद्दाम लिहीत नाही, त्या घरात लेकरं आहेत. आमच्या युसूफ वडगावच्या शिवारापलीकडच्या एका वाडीवरची सून गेली. लग्नाला चार वर्षं झालेली. विहिरीत पाय घसरला असं घरचे म्हणत होते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई अशी गेली की मरणोत्तर पंचनाम्याला जास्त जपतात आणि बाईचा देह पाहायचा म्हणून स्त्री पंच शोधतात. अंगणवाडीताई बाळंतपणाला गेलेल्या. दुसऱ्या एकीनं दार लावून घेतलं. मी आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली होते. पोलीस पाटील म्हणाले, “वहिनी, चला. तुम्हाला लिहितावाचता येतं.”

आमचे हे बाजाराला गेलेले. सासूबाईंना विचारलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा ऐकलंय! सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, “जा. पण न बघता सही करू नको.” आणि मला पुढे चार दिवस पुरेल अशी एक गोष्ट त्यांनी आठवण करून दिली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यात कूटलेखक्रिया आहे. खोटा कागद करणं. दशलक्षणात आपण ते दरवर्षी म्हणतो, आणि मनात येतं की खोटे कागद आपण कुठे करतो.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं पंच होतो, मी आणि एक गृहस्थ. ते दारातच थांबले, पाठ करून. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, परक्या बाईकडे बघायचं नाही हेच त्यांना शिकवलेलं. मी आत गेले. भिजलेल्या लुगड्याचा वास अजून नाकात आहे. लिहून घेणारे सांगत होते, “डोक्याला मार, बाकी अंगावर खुणा नाहीत.” डाव्या हातात कोपराखालपर्यंत हिरव्या बांगड्या होत्या, एकही फुटलेली नव्हती. ज्या बाईला बांगड्या भरायची सवय आहे तिला त्या वर सरकवायचंही सुचतं. मी सरकवल्या. खाली दंडाकडे चार पिवळट निळे डाग होते, बोटांसारखे. ते त्या दिवसाचे नव्हते. ताजा मार लाल-काळा असतो आणि जुना पिवळा पडत जातो, हे लेकरं वाढवलेल्या कुठल्याही बाईला कळतं.

मी म्हटलं, हे लिहा. त्यांनी लिहिलं. नाही म्हणाले असते तर काय केलं असतं कोण जाणे, पण लिहिलं. मग सगळं पहिल्यापासून वाचून दाखवायला लावलं. दोन ठिकाणी कोऱ्या जागा होत्या, तिथे आडवी रेघ मारून घेतली आणि मग सही केली. दुसऱ्या पंचांनीही केली.

खटला अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयात उभा राहायला काही वर्षं गेली. मधल्या काळात काय काय झालं ते तुम्ही ओळखालच. त्या घरची आमच्याकडे उधारी होती, ती एका दिवसात चुकती झाली आणि त्यांच्या भावकीतली अकरा घरं दुसऱ्या दुकानाला जायला लागली. एक मध्यस्थ येऊन बसले. “तुमचं काय जातंय, आठवत नाही म्हणा.” आमचे हे गप्प होते. रात्री म्हणाले, तुला काय आठवतंय ते तू बघ, दुकानाचं मी बघतो. दुसरे पंच फितूर झाले, सही आपली आहे पण वाचून दाखवलं नव्हतं असं त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा त्याच भावकीच्या ट्रॅक्टरवर कामाला होता.

माझी पाळी आली तेव्हा कारकुनानं सवयीनं देवाशपथ म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, प्रतिज्ञेवर सांगते. १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही चालतं. न्यायाधीश बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ‘लिहा’ म्हणाल्या. हो, न्यायाधीश बाई होत्या.

उलटतपासणी पाऊण तास. तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. डाग किती दिवसांचे हे तुम्हाला कसं कळलं? किती दिवसांचे ते मी लिहिलंच नाही, रंग लिहिलाय. पोलीस म्हणतील तिथे सही करता का? दुकानदार आहे, न वाचता बिलावरसुद्धा करत नाही. यावर कुणीतरी हसलं. मग वकिलांनी विचारलं, बांगड्या तुम्ही का सरकवल्या, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, बघायला बोलावलं होतं म्हणून बघितलं.

निकालात नवऱ्याला छळाच्या कलमाखाली शिक्षा झाली. आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. ती घसरली, की तिनं उडी टाकली, की आणखी काही, ते त्या विहिरीलाच माहीत. मी दंडावरचे डाग पाहिले तेवढंच मला माहीत आहे. अकरापैकी सात घरं परत आली, चार अजून आली नाहीत.

माझी पुतणी न्यू जर्सीला असते. तिला मागे ज्यूरीचं बोलावणं आलं होतं. मोटार अपघाताच्या भरपाईचा साधा खटला. न्यायाधीशांनी बजावलं, घरी जाऊन या खटल्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तिच्या सासूबाई तेव्हा तिकडेच होत्या. सून संध्याकाळी घरी येते आणि दिवसभर काय झालं ते सांगत नाही, म्हणून त्या दोन दिवस रुसल्या! मी पुतणीला विचारलं, कौलाच्या खोलीत कसं वाटलं. ती म्हणाली, “काकू, पहिला तासभर मी बोललेच नाही. मग लक्षात आलं, गाडीत मागच्या सीटवर लहान मूल बांधायला किती वेळ लागतो, हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत आहे.”

आपल्या देशात ज्यूरीसारखं काही उरलंय ते पारशी समाजात. १९३६ च्या त्यांच्या विवाह कायद्याप्रमाणे नवराबायकोच्या तंट्यात न्यायाधीशांबरोबर समाजातली माणसं बसतात, पूर्वी सात बसत, आता पाच. वस्तुस्थिती काय ते ती माणसं ठरवतात, कायदा न्यायाधीश बघतात. आपल्या समाजात असं काही असावं का, हा वेगळा विषय आहे. माझं मत विचाराल तर नको. आपल्या पंचायतींत कोण बसतं ते आपण पाहिलेलं आहे.

लेख पाहून एकीनं आधीच फोनवर विचारलं, की मला बोलावलं तर मी काय करू? जे मी केलं तेच सांगते. बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं. पंच म्हणून जागेवर गेलात तर चष्मा घेऊन जा, मी पहिल्यांदा विसरले होते आणि परत माणूस पाठवावा लागला. लिहिलेलं स्वतः वाचा, अक्षर लागत नसेल तर मोठ्यानं वाचायला लावा. कोरी जागा सोडू देऊ नका. पाहिलं तेवढंच लिहायला सांगा, तर्क सांगू नका. तारीख आणि वेळ तुमच्या समोर पडली पाहिजे. घरी आल्यावर वहीत चार ओळी टिपून ठेवा, कारण समन्स यायला वर्षं लागतात. कोर्टात गेलात की प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, तो मागून घ्या. मला मिळाला तेव्हा सासूबाईंनी तो मंदिराच्या भांडारात टाकायला लावला, आणि एसटीचं भाडं स्वतःच्या बटव्यातून दिलं.